जीवशास्त्राला आपल्या भांडणात साक्षीला बोलावू नका: सीमाभागातल्या साहित्य संमेलनांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतील ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांचे आयोजक आणि स्वागत समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

सुगी आटपली की तुमच्या बैठका सुरू होतील. ग्रंथदिंडी कुठल्या देवळापासून काढायची, अध्यक्ष कोल्हापूरचे आणायचे की पुण्याचे, दुपारच्या जेवणाचा भार कोण उचलणार, कथाकथनाला गेल्या वेळचेच कलाकार बोलवायचे का, हे सगळं ठरेल. कडोली घ्या, उचगाव घ्या, येळ्ळूर, सांबरा नाहीतर माचीगड; पत्रिकेत एक सत्र 'वैचारिक' म्हणून राखलेलं असतंच. हे पत्र त्या सत्राबद्दल आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. संमेलनं चुकवत नाही. मागच्या हंगामात एका मंडपात पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं, की माणूस आपल्या भाषेच्या माणसाला जवळ करतो आणि परक्याला लांब ठेवतो हे विज्ञानानं सिद्ध केलं आहे, ते आपल्या जनुकांतच आहे, तेव्हा कुणी आम्हाला शहाणपण शिकवू नये. जोरात टाळ्या पडल्या. त्याच सत्रात दुसऱ्या वक्त्यांनी सांगितलं, की माणूस मुळातच स्वार्थी, डार्विननंच 'बळी तो कान पिळी' म्हटलंय, नीती म्हणजे वरचा मुलामा. त्यांनाही तितक्याच टाळ्या! पहिल्याच्या हिशेबानं आपण आपल्या माणसांसाठी जीव टाकतो, दुसऱ्याच्या हिशेबानं कुणी कुणासाठी काही करत नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे विचारायला उठलो, तर निवेदकानं 'वेळेअभावी' म्हणून आभाराला सुरुवात केली.

तक्रार वक्त्यांची नाही. त्यांनी कुठेतरी अर्धंमुर्धं वाचलेलं असतं. पण नीतीचा उगम, तिची उत्क्रांती आणि तिचं तत्त्वज्ञान या विषयावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत इतकं मोठं काम झालं आहे, आणि ते आपल्या सीमाभागाला इतकं लागू आहे, की ते असं घोषणेपुरतं वापरणं म्हणजे नासाडी. एक सत्र नीट या विषयाला द्या, एवढीच मागणी. का, ते सविस्तर सांगतो.

डार्विनपासूनच सुरुवात करतो, कारण बदनामी त्याची सगळ्यात जास्त. माणसाच्या उत्पत्तीवरच्या १८७१ सालच्या ग्रंथात त्यानं नीतिबुद्धीवर भरपूर लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं: ज्या प्राण्याला कळपात राहण्याच्या, पिल्लांवर माया करण्याच्या पक्क्या सहजप्रेरणा आहेत, त्याची बुद्धी माणसाइतकी वाढली की त्याला सदसद्विवेक येणं जवळजवळ अटळ आहे. 'बळी तो कान पिळी' यात कुठे बसतं? त्याला छळणारा प्रश्न वेगळाच होता. टोळीसाठी पुढे होऊन मरणारा शूर माणूस मुलंबाळं मागे न ठेवता जातो. मग शौर्य टिकलं कसं? उत्तर त्यानं टोळ्यांच्या स्पर्धेत शोधलं. एका टोळीच्या आत सज्जनपणाचा सज्जनाला फारसा फायदा नसतो, पण जिच्यात असे लोक जास्त ती टोळी दुसरीवर मात करते. हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. चांगुलपणाचा जन्म सांगतानाच त्यात 'दुसरी टोळी' येऊन बसली आहे.

पुढचा टप्पा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनचा, १९६४. मदतीची किंमत, मदतीचा लाभ आणि दोघांतलं रक्ताचं नातं यांचा हिशेब त्यानं मांडला: लाभाला नात्याच्या प्रमाणानं गुणा, ते किमतीपेक्षा जास्त आलं तर परोपकार टिकेल. दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावंडांसाठी जीव देईन, असं जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन थट्टेनं म्हणाले होते अशी गोष्ट सांगतात. हाल्डेन इंग्लंड सोडून भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि त्याच १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

हा हिशेब पूर्ण आहे का, हे तपासण्याचं मोठं काम आपल्याच राज्यात, कर्नाटकात झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी एका साध्या गांधीलमाशीवर आयुष्य घातलं. तिचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. कागदासारखं घरटं करते. दक्षिण भारतात घरांच्या आडोशालाही सापडते. हिच्यातल्या माद्या स्वतंत्र घरटं मांडू शकतात, तरी बऱ्याच जणी राणीच्या घरट्यात राबत राहतात. नातं जवळचं म्हणून? राणी अनेक नरांशी जुळते, राण्या बदलतात, त्यामुळे कामकरी माशी जी पिल्लं वाढवते त्यांच्याशी तिचं नातं बरंच पातळ झालेलं असतं. गदगकरांनी दाखवलं की एकटीनं घरटं मांडलं आणि पिल्लं मोठी व्हायच्या आत ती मेली, तर सगळंच जातं. समूहात राबताना मेली तर अर्धवट वाढलेली पिल्लं दुसऱ्या पुऱ्या करतात. म्हणजे नात्याइतकाच हा भरवसाही महत्त्वाचा. त्यांच्या गटाचं आणखी एक निरीक्षण आहे. या माश्या परक्या घरट्यातलीला ओळखतात आणि हाकलतात, पण अगदी कोवळी, काही दिवसांचीच माशी असेल तर तिला सामावून घेतात. आता यावरून 'पाहा, गांधीलमाशीसुद्धा परक्याला घरात घेते!' असं व्यासपीठावरून ओरडणारा वक्ता मला नको आहे. 'पाहा, गांधीलमाशीसुद्धा हाकलते' म्हणणाराही नको. माशी माशीचं करते.

नात्यापलीकडच्या मदतीचा हिशेब रॉबर्ट ट्रिव्हर्सनं १९७१ मध्ये मांडला, आणि तो समजायला आपल्याकडच्या शेतकऱ्याला पुस्तक लागत नाही. रोपलावणीच्या दिवसांत पैरा चालतो. आज तुझ्या शेतात आमची चार माणसं, परवा आमच्या शेतात तुझी चार. माणसं वारंवार भेटणार असतील, एकमेकांना ओळखत असतील आणि कुणी फेडलं, कुणी बुडवलं हे लक्षात राहत असेल, तर बिननात्याची देवघेव टिकते, असं ट्रिव्हर्सचं म्हणणं. पैरा बुडवणाऱ्याच्या बांधावर पुढच्या पावसाळ्यात कोण जातं? रॉबर्ट ॲक्सेलरॉडनं संगणकावर अशा देवघेवीच्या डावपेचांची स्पर्धा लावली. ती जिंकली अनातोल रॅपोपोर्टच्या सगळ्यात छोट्या आज्ञावलीनं: पहिल्यांदा सहकार्य करा, मग समोरचा करेल तसं. हॅमिल्टनसोबतचा त्याचा लेख १९८१ चा. आपल्या गावांत पैरा करताना शेजारच्या शेतातल्या माणसाच्या घरी चुलीपाशी कुठली भाषा बोलतात हे विचारलेलं मी तरी पाहिलेलं नाही. माणूस कामाला खरा आहे का, एवढंच विचारतात.

'माणूस मुळातच स्वार्थी' म्हणणाऱ्यांना २०१९ सालचा एक प्रयोग जरूर ऐकवा. चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त 'हरवलेली' पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी नेऊन दिली. त्या देशांत भारतही होता. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत होते. पैसे असलेली पाकिटं जास्त प्रमाणात मालकापर्यंत पोचली. रक्कम वाढवून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढलं. अर्थतज्ज्ञांना आधी विचारलं होतं. त्यांचा अंदाज चुकला.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६० समाजांची जुनी मानववंशशास्त्रीय वर्णनं चाळली. नातलगांना मदत, गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, मोठ्यांचा मान, न्याय्य वाटणी, दुसऱ्याच्या मालकीची कदर, या सात गोष्टींना तिथे चांगलं म्हणतात की वाईट, हे पाहिलं. ९६२ नोंदींपैकी ९६१ ठिकाणी चांगलं. उरलेली एक नोंद मायक्रोनेशियातल्या एका बेटसमूहावरची, जिथे उघडपणे हिसकावून घेणं हे मर्दुमकीचं लक्षण मानलं गेलं. सात गोष्टींत 'मोठ्यांपुढे मान तुकवणं' आहे, तेव्हा ही यादी म्हणजे सद्गुणांची आरती नव्हे. आमच्या खात्यातले कित्येक अधिकारी तेवढ्या एकाच गुणावर निवृत्तीपर्यंत पोचले.

आता मूळ मुद्दा. भाषा.

पहिल्या वक्त्यांनी जे ऐकलं होतं, ते बहुधा मानसशास्त्रज्ञ कॅथरीन किंझलर, इमॅन्युएल दुपू आणि एलिझाबेथ स्पेल्के यांचं २००७ सालचं संशोधन असावं. बोस्टन आणि पॅरिसमधल्या दहा महिन्यांच्या बाळांना पडद्यावर दोन व्यक्ती दाखवल्या, एक इंग्रजी बोलणारी आणि एक फ्रेंच. मग दोघींनी एकाच वेळी, न बोलता, सारखंच खेळणं पुढे केलं. बाळांनी आपल्या घरच्या भाषेत बोललेल्या बाईचं खेळणं जास्त वेळा घेतलं. स्वतःचं बोलणं फुटायच्या आधीच हे घडतं. पाच वर्षांची मुलं मित्र निवडताना घरच्या धाटणीनं बोलणाऱ्याला निवडतात. २००९ मध्ये किंझलर आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं दाखवलं: अमेरिकेतली गोरी मुलं नुसते फोटो पाहिले तर गोऱ्या मुलाला निवडत, पण आवाज ऐकवल्यावर परक्या धाटणीच्या गोऱ्यापेक्षा आपल्या धाटणीच्या काळ्या मुलाला निवडत. कातडीपेक्षा बोली वरचढ ठरली. इथवर वक्ते बरोबर होते असं समजू.

त्याला जोडून पाहा. १९७१ मध्ये हेन्री ताजफेलनं ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना अगदी फुटकळ कारणावरून, कुणाला कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली यावरून, दोन गटांत टाकलं. ओळखदेख नाही, भांडण नाही, तरी पैसे वाटताना मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. २००६ मध्ये पापुआ न्यू गिनीत असं दिसलं की अन्याय झालेला माणूस आपल्या टोळीतला असेल, तर त्रयस्थही स्वतःच्या खिशाला चाट लावून अन्याय करणाऱ्याला जास्त शिक्षा करतात. आणि २००७ मध्ये चोई जुंग-क्यू आणि सॅम्युअल बोल्स यांनी संगणकावरच्या प्रतिमानातून मांडलं, की परोपकार आणि परक्याशी वैर, दोन्ही एकेकटे टिकणं कठीण. पण टोळ्यांच्या लढायांत दोन्ही एकमेकांच्या आधारानं वाढू शकतात. डार्विनच्या विचारातली ती 'दुसरी टोळी' इथे पुन्हा भेटते.

१ नोव्हेंबरला बेळगावात राहणाऱ्याला यातलं काही नवीन वाटणार नाही. एकाच तारखेला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी. दोन्हीकडची पोरं आपापल्या माणसांसाठी जीव द्यायला तयार असतात, आणि त्यांच्यातली निम्मी एरवी एकाच कारखान्यात, एकाच पाळीत असतात.

पण याच किंझलर बाईंचं नाव असलेलं २०१५ सालचं संशोधन आपल्या व्यासपीठावर कधीच कसं येत नाही? शिकागोमध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसासमोर बसवलं, मध्ये कप्प्यांची मांडणी. काही कप्पे फक्त मुलाला दिसत, समोरच्याला नाही. समोरचा म्हणे, "लहान गाडी दे." मुलाला तीन गाड्या दिसत, पण सगळ्यात लहान गाडी समोरच्याला दिसतच नसे, म्हणजे त्याला मधली हवी होती. हे ओळखायला त्याच्या जागी जाऊन पाहावं लागतं. एकाच भाषेत वाढलेल्या मुलांना हे सुमारे निम्म्या वेळा जमलं. दोन भाषा बोलणाऱ्यांना सुमारे तीन चतुर्थांश वेळा. आणि जी मुलं स्वतः एकच भाषा बोलत, पण आजूबाजूला दुसरी सतत ऐकत, त्यांनाही जवळजवळ तितकंच जमलं. प्रयोग लहान आहे, प्रत्येक गटात २४ मुलं. त्यावर इमले बांधू नका. तरी आपल्या पोरांचा विचार करा: घरात मराठी, एसटीत कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू, गोव्याकडच्या पाहुण्यांशी कोकणी. शिकागोच्या संशोधकांना जी मुलं निवडून शोधावी लागली, ती आपल्याकडे प्रत्येक अंगणवाडीत बसलेली आहेत. याचा अभ्यास इथे व्हायला हवा, आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी करायला हवा. आपण मात्र पहिला अर्धा निष्कर्ष उचलून घोषणा केली.

आता सगळ्यात अवघड भाग: या क्षेत्रात बरंच काही मोडीतही निघालं आहे, आणि ते सांगायला हवं. २००७ मध्येच कायली हॅमलिन, कॅरेन विन आणि पॉल ब्लूम यांनी दाखवलं होतं, की सहा आणि दहा महिन्यांची बाळं टेकडी चढणाऱ्या ठोकळ्याला मदत करणारं पात्र पसंत करतात, ढकलणारं नाही. 'नीती जन्मजात असते' असे मथळे जगभर झाले. मीही वर्गात ते रंगवून सांगत असे. पुढे ३७ प्रयोगशाळांनी मिळून, हजाराच्या वर बाळांना घेऊन, तोच प्रयोग पुन्हा केला. त्यात हॅमलिन स्वतः सहभागी होत्या. निकाल २०२४ मध्ये आला: मदतनीस निवडणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्मं, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. माकडांची गोष्टही तशीच. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात शेजाऱ्याला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली की कॅप्युचिन माकडं काकडी घ्यायला नकार देत. तसा व्हिडिओ तुमच्यापैकी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. २०२४ मध्ये १८ प्रजातींवरच्या असल्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा प्राण्यांना अन्यायाची चीड असते याला पुरावा सापडला नाही. अपेक्षित खाऊ मिळाला नाही म्हणून रुसणं, असा साधा अर्थही लागू शकतो.

हे ऐकून श्रोते म्हणतील, "मग खरं काय वो सर?" म्हणू देत. ज्या बाईचा प्रयोग, तीच तो पुन्हा तपासायच्या कामात बसते आणि विरुद्ध निकाल स्वतःच्या नावानं छापते, हे आपल्या मंडपात एकदा तरी सांगितलं गेलं पाहिजे. नीतीच्या संशोधनातला मला सगळ्यात नैतिक वाटणारा प्रसंग हाच आहे. कुठल्या बाळानं कुठलं बाहुलं उचललं, ते नंतर.

तत्त्वज्ञानाचा भाग थोडक्यात घेतो, पण वगळू नका. वगळला तर सगळा खटाटोप वाया. १७३९-४० मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं दाखवलं, की लोक 'असं आहे' म्हणता म्हणता हळूच 'असं असावं' वर उडी मारतात आणि मधला पूल दाखवत नाहीत. आपले पहिले वक्ते तीच उडी मारून गेले. बाळं घरच्या भाषेकडे झुकतात, हे 'आहे'. म्हणून आपण परक्याला लांब ठेवावं, हे त्यातून निघत नाही. तसंच उलट, 'मुलं बहुभाषिक वातावरणात समंजस होतात, तेव्हा मराठी शाळांचा आग्रह सोडा' हेही निघत नाही. ही दुसरी उडी मारणारेही पुष्कळ आहेत.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. डार्विननं त्याच १८७१ च्या ग्रंथात लिहिलं, की माणूस मधमाश्यांसारख्या परिस्थितीत वाढला असता, तर कुमारिकांना भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं, आणि आयांनी आपल्या प्रजननक्षम मुलींना मारलं असतं. मग आज आपल्याला जे योग्य वाटतं, ते खरंच योग्य म्हणून, की आपला इतिहास तसा घडला म्हणून? अमेरिकन तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांनी २००६ मध्ये हाच पेच धारदार केला: नैतिक सत्यं आपल्या मनाबाहेर कुठेतरी स्वतंत्र आहेत असं मानणाऱ्यानं सांगावं, की उत्क्रांतीनं नेमकी तीच आपल्या मनात कशी पेरली? योगायोगानं? पीटर सिंगरसारखे लोक वेगळ्या वाटेनं जातात: त्याच उत्क्रांतीनं तर्कबुद्धीही दिली, आणि तर्क एकदा चालू झाला की 'माझं दुःख जसं, तसंच त्याचं' इथवर नेल्याशिवाय थांबत नाही. मला सिंगर पटतात, पण स्ट्रीटबाईंना उत्तर मिळालंय असं मला वाटत नाही. हा वाद मंडपात मराठीतून ऐकायला मिळाला, तर पेंगणारे श्रोतेही जागे होतील. आपल्या कीर्तनाच्या परंपरेत पूर्वपक्ष-उत्तरपक्ष ऐकायची सवय आहेच.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, मास्तर सीमालढ्याला पाणी घालतायत. नाही. १९५६ पासूनचा हा प्रश्न, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, याला माझा विरोध नाही. मी फक्त म्हणतो, की आपल्या मागणीला जीवशास्त्राची कुबडी लागत नाही. घटनेचं कलम ३५०क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल बोलतं. कलम २९ भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. ही कारणं आहेत, आणि यांवर कन्नड शेजाऱ्याशीही बोलता येतं, कारण महाराष्ट्रात सोलापूर, जत भागात राहणाऱ्या कन्नड मुलालाही ती तितकीच लागू आहेत. 'आमच्या रक्तातच आहे' म्हटलं, की समोरचाही तेच म्हणतो आणि बोलणं संपतं.

शेवटी कामाचं. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून सजीवांच्या उत्क्रांतीचा भाग वगळला; १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी २०२३ मध्ये त्याविरुद्ध पत्र काढलं. शाळेत जे कमी पडतंय, ते संमेलनात यावं. सत्र सकाळी ठेवा, जेवणानंतर नको. दोन वक्ते बोलवा, एक जीवशास्त्राचा, एक तत्त्वज्ञानाचा. जीवशास्त्राचा धारवाड किंवा बंगळूरचा कन्नड माणूस मिळाला आणि तो कन्नडमध्येच बोलला तरी चालेल, आपल्या श्रोत्यांत न कळणारे किती असतील? तरीही अडलं तर मराठीत सांगायला मी उभा राहीन. प्रश्नोत्तरांना निम्मा वेळ ठेवा, आणि निवेदकाला घड्याळ घरी ठेवून यायला सांगा. वक्त्यांचा प्रवासखर्च जमत नसेल, तर त्यातला अर्धा माझ्या निवृत्तिवेतनातून. बाकीचा अर्धा शाल-श्रीफळांच्या खर्चातून सहज निघेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
खानापूर तालुका